आईचे चरित्र, लेकीची लेखणी

बाबराची कन्या गुलबदन बेगम हिने अकबराच्या सांगण्यावरून हुमायूनची हकीकत लिहिली, हे सर्वश्रुत आहे. भोपाळच्या बेगमांना मात्र कोणी सांगावे लागले नाही. राज्यही त्यांचेच आणि लेखणीही त्यांचीच.

अरेरा कॉलोनीतून जुन्या शहरात गेले, म्हणजे ताज-उल-मसाजिदीचे भव्य मनोरे दिसतात. ही मशीद बांधावयास घेतली शहाजहान बेगमेने. ‘ताज-उल-इक्बाल’ हा भोपाळचा इतिहासही तिचाच. त्याचे इंग्रजी भाषांतर १८७६ साली निघाले.

पण खरी कसोटी लागली ती तिच्या लेकीची. १८७१ मध्ये शहाजहान बेगमेने सिद्दीक हसन खानाशी दुसरा विवाह केला. पुढे मायलेकींत वितुष्ट आले. सुलतान जहानने त्याचा दोष सावत्र पित्यास दिला. आजीने वाढविलेली नात बिल्किस बालवयातच वारली, तरी मने जुळली नाहीत. १९०१ मध्ये आई निवर्तली, लेक गादीवर आली आणि राज्याचे दप्तर तिच्या स्वाधीन झाले. आईविषयी मौन पाळणे तिला सहज शक्य होते. तिने आईचे चरित्र लिहिले, ‘हयात-ए-शहाजहानी’. पणजी कुदसिया बेगमेचेही लिहिले. आत्मवृत्तात घरातील कलहही तिने झाकून ठेवला नाही. अर्थात हे लेखन निःपक्षपाती कसे म्हणावे? उत्तर द्यावयास आई उरली नव्हती.

१९२६ मध्ये सुलतान जहानने पुत्र हमीदुल्लाखान यास गादी दिली. आईच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.