अंकलेखनाचे संकेत आणि असेंब्लर : टिफ्रॅक ते ८०८५

प्रस्तावना

अक्षरी आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे असेंब्लर. मूळ आज्ञावलीत लिहिलेल्या संख्येचे मूल्य स्वयंसिद्ध नसते; ते असेंब्लरच्या संकेतावर ठरते. आपल्या वसई परिसरातील वर्गांतही हे संकेत बहुधा केवळ नियम म्हणून सांगितले जातात. त्यांमागील इतिहासाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

१९४९ मध्ये केंब्रिज येथील एडसॅक संगणकासाठी डेव्हिड व्हीलर यांनी अवघ्या ३१ प्रारंभिक आज्ञा रचल्या. दशमानात लिहिलेला स्मृतिपत्ता द्विमानात बदलण्याचे श्रम त्यामुळे माणसाकडून यंत्राकडे गेले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याचा शब्द ४० द्विमान अंकांचा होता. १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याचा ४८ अंकी शब्द १६ अष्टमान अंकांत नेमका बसे. त्याच्या ‘कंपास’ असेंब्लरमध्ये संख्येनंतरचे ‘बी’ हे अक्षर अष्टमान दर्शवीत असे. १९७६ च्या इंटेल ८०८५ चा आठ अंकी बाइट मात्र दोन षोडशमान अंकांत मावतो. इंटेलच्या असेंब्लरमध्ये ‘एच’ म्हणजे षोडशमान आणि ‘बी’ म्हणजे द्विमान. साहजिकच ‘१०बी’चे मूल्य कंपासमध्ये आठ, तर इंटेलमध्ये दोन ठरते. तसेच ‘एफएफएच’ हे एखादे नाव समजले जाऊ नये, यासाठी आरंभी शून्य लिहावे लागते.

पदावलीचेही तसेच आहे. ‘२+३×४’चे उत्तर इंटेलचा असेंब्लर १४ देतो, पीडीपी-११ संगणकाचा मॅक्रो-११ डावीकडून उजवीकडे क्रमाने जाऊन २० देतो. विशेष म्हणजे ८०८५ मध्ये गुणाकाराची आज्ञाच नाही. हा गुणाकार रूपांतराच्या वेळी असेंब्लर करतो. यंत्राला केवळ उत्तर मिळते. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो नेमका येथे.

निष्कर्ष

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे होते. जमाखर्चातील ‘१-८’ म्हणजे दीड रुपया, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे. षोडशमानातही १.८ म्हणजे दीडच. अंक तोच राहतो. पाया बदलला की मूल्य बदलते. म्हणून अध्यापनात संख्येसोबत तिचा पाया आणि ती कोण मोजणार, असेंब्लर की यंत्र, या दोन्ही गोष्टी प्रथम स्पष्ट करणे आवश्यक ठरते.