अशक्याची शिस्त

‘डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा’ असा शिक्का अचाट कल्पनांवर उभ्या असलेल्या ॲक्शनपटांवर आपल्याकडे सर्रास मारला जातो. त्यामागचं म्हणणं थोडक्यात असं: कथेचा पायाच अशक्य असेल तर पुढे तर्काला काम उरत नाही. दमलेल्या प्रेक्षकाला स्फोट आणि पाठलाग पुरतात. जाणकार असले सिनेमे पाहतो ते हसण्यासाठी. या पूर्वपक्षाला शास्त्राचाही आधार देता येतो. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसास्वादाची सात विघ्नं सांगितली आहेत आणि त्यांतलं पहिलंच विघ्न आहे संभावनेचा अभाव. जे घडणं संभवतच नाही, त्यात मन गुंतत नाही. आणि मन गुंतलं नाही तर रस कुठला?

आक्षेप वजनदार आहे. पण तो प्रत्यक्ष चित्रपटांसमोर टिकत नाही.

जॉन वू यांचा १९९७ सालचा ‘फेस/ऑफ’ पाहा. शॉन आर्चर हा तपास अधिकारी आणि कॅस्टर ट्रॉय हा त्याच्या लहानग्या मुलाचा खुनी. ट्रॉयने पेरलेल्या बॉम्बचा ठावठिकाणा काढण्यासाठी बेशुद्ध ट्रॉयचा चेहरा आर्चरला बसवला जातो. मग ट्रॉय शुद्धीवर येतो, आर्चरचा चेहरा चढवतो आणि त्याच्या घरात नवरा आणि बाप म्हणून वावरू लागतो. वैद्यकाच्या दृष्टीने अशी हुबेहूब अदलाबदल अशक्य आहे, यात वाद नाही. पण एवढं एक मान्य केलं की पुढचं सगळं काटेकोर आहे. शस्त्रक्रियेची माहिती असणाऱ्यांना ट्रॉय मारून टाकतो, कारण त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. शत्रूच्या चेहऱ्यात अडकलेल्या आर्चरने मग आपली ओळख पटवायची कशी? त्याची बायको ईव्ह डॉक्टर आहे. चेहरा बदलला तरी रक्तगट बदलत नाही, हे तो तिला सांगतो. ती झोपलेल्या ‘नवऱ्या’चं रक्त गुपचूप काढून तपासून घेते. अचाट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या चित्रपटातला हा निर्णायक क्षण चक्क प्रयोगशाळेतल्या पुराव्याचा आहे.

याच चित्रपटात दोघे एका आरशाच्या दोन बाजूंना पिस्तूल रोखून उभे राहतात. प्रत्येकाला समोर स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, पण त्या प्रतिबिंबाला चेहरा वैऱ्याचा आहे. आता गोळी नेमकी कुणावर झाडायची? हे दृश्य समजायला कोणता चेहरा कुणाचा, आत मन कुणाचं आणि हे कुणाकुणाला ठाऊक आहे, याचा हिशेब प्रेक्षकाला सतत डोक्यात ठेवावा लागतो. ज्याने डोकं बाजूला ठेवलं, त्याला मध्यंतरानंतर काहीच कळणार नाही.

१९९४ सालच्या ‘स्पीड’चंही तसंच. बसचा वेग ताशी पन्नास मैलांवर गेला की तिच्यात लावलेला बॉम्ब जागा होतो आणि वेग त्याखाली उतरला की फुटतो. एवढाच नियम. वाहतुकीची कोंडी, अवघड वळण, जखमी चालक, गळणारं इंधन ही सगळी संकटं त्या एका नियमातून ओळीने निघतात. अर्धवट बांधलेल्या रस्त्यातली पोकळी बस उडी मारून पार करते तिथे मात्र चित्रपट आपल्याकडे दुसरं अशक्य मागतो. बॉम्ब मुकाट्याने मान्य करणारे कितीतरी प्रेक्षक या उडीपाशी कुरकुरतात. ही कुरकुर पूर्वपक्षाला पुरती गारद करते, कारण ज्याने बुद्धी गहाण टाकली आहे त्याला पहिलं अशक्य आणि दुसरं अशक्य यांतला फरक कळायचं कारणच नाही.

ॲरिस्टॉटलने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी, असं तो ‘पोएटिक्स’मध्ये म्हणतो. अतार्किक काही असलंच तर ते प्रत्यक्ष कथानकाच्या बाहेर असावं, असंही सांगतो. लायस राजा कसा मेला हे ईडिपसला इतकी वर्षं ठाऊक नसतं, हे त्याने दिलेलं उदाहरण. ते खटकत नाही, कारण ते नाटक सुरू होण्याआधीचं आहे.

आणि अभिनवगुप्त? पूर्वपक्ष त्याचं अर्धंच वचन पुढे करतो. विघ्न सांगून तो थांबत नाही, त्यावरचा उपायही देतो. लोकोत्तर कृत्यं दाखवायची तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा, कारण त्याच्याविषयीचा विश्वास लोकांच्या मनात आधीच खोल रुजलेला असतो. म्हणजे संभावना ठरते ती प्रेक्षकाच्या मनातल्या दृढ प्रत्ययावर. गिरगावच्या खेतवाडीत राहणाऱ्या मनमोहन देसाईंनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मध्ये तीन भावांचं रक्त एकाच वेळी नळ्यांतून वर चढवलं आणि एका बाटलीतून आईच्या अंगात सोडलं. रक्तपेढीतला कुणीही हे मान्य करणार नाही. पण आई आणि मुलांच्या नात्यावरचा विश्वास प्रेक्षक घरूनच घेऊन आला होता. तो प्रत्यय त्या दृश्याला पुरून उरला.

राहिला ‘हसण्यासाठी पाहतो’ हा मुद्दा. अतिरंजित आणि कृत्रिम गोष्टींत गंमत शोधणाऱ्या ‘कॅम्प’ या अभिरुचीवरच्या १९६४ सालच्या गाजलेल्या निबंधात सुझन सोंटॅग यांनीच अजाणतेपणी घडलेला कॅम्प आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प वेगळे काढले आणि अस्सलपणाचा मान पहिल्याला दिला, कारण त्यामागे कर्त्याचं पूर्ण गांभीर्य असतं. ‘फेस/ऑफ’ची कल्पना जाणूनबुजूनच अचाट आहे, पण वू त्या बापाचं दुःख एकदाही हसण्यावारी नेत नाहीत. अचाटपणा मुद्दाम योजलेला असूनही गांभीर्य शाबूत राहू शकतं, हे त्यांनी दाखवलं. उलट २०१३ च्या ‘शार्कनेडो’त वादळ समुद्रातले शार्क शहरावर आणून टाकतं, पण त्या वादळाला नियम नाही आणि माणसांच्या जिवाला किंमत नाही. तो खरोखरच नुसता हसून सोडून द्यावा असा आहे. अचाट कल्पना दोन्हीकडे आहे, फरक शिस्तीचा आहे.

म्हणून समीक्षकाने ‘असं कधी होतं का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. एक अशक्य मान्य केल्यावर पुढचं सगळं त्यातूनच निघतं का आणि त्यातून माणसाबद्दल काही कळतं का, हे त्याने विचारावं. या कसोटीवर अनेक अचाट चित्रपट उतरतात. आणि मोक्याच्या वेळी फोन बंद पाडून, योगायोगाने साक्षीदार भेटवून गाडी पुढे ढकलणारे कितीतरी ‘वास्तववादी’ रहस्यपट नापास होतात. अचाट चित्रपटांच्या प्रेक्षकाला अडाणी ठरवणं आता थांबवलं पाहिजे. तो कलावंताला एक सवलत देतो आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत चोख मागतो.