अश्वभ्रूण-मूल्यमापन
अश्वभ्रूण-मूल्यमापन : जातिवंत घोडीच्या (दात्रीच्या) गर्भाशयातून काढलेला किंवा प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण दुसऱ्या घोडीच्या (ग्राहीच्या) गर्भाशयात वाढण्यास समर्थ आहे किंवा नाही, हे प्रतिरोपणापूर्वी ठरविण्याची क्रिया. गायीला संप्रेरके टोचून एका वेळी अनेक अंडी पक्व करता येतात व मिळालेल्या भ्रूणांतून चांगले निवडता येतात. घोडीच्या अंडाशयाची रचना वेगळी असल्याने हा उपाय तिला फारसा लागू पडत नाही. एका माजात बहुधा एकच भ्रूण हाती येतो. निकृष्ट भ्रूण ठेवल्यास ग्राही घोडीचा हंगामातील काळ वाया जातो. चांगला भ्रूण चुकून टाकल्यास दात्रीचे अपत्यच गमावते. म्हणून ही परीक्षा घोडीच्या बाबतीत विशेष महत्त्वाची ठरते.

इतिहास : घोड्याची पारख भारतात प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्रात वर्ण, भोवरे, अवयव व चाल यांवरून परीक्षा सांगितली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या १७४२–५१ या काळातील बंगालवरील मोहिमा घोडदळाच्या बळावर झाल्या. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला तो सरकारातून मिळे. त्यामुळे घोड्याची निवड हा राज्यकारभाराचाच एक भाग होता. ही पारख जन्मलेल्या जनावराची होती. जन्मापूर्वीची पारख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शक्य झाली.

वॉल्टर हीप यांनी १८९० मध्ये इंग्लंडात सशाच्या भ्रूणाचे यशस्वी प्रतिरोपण केले. घोडीत मात्र ही पद्धत यशस्वी होण्यास १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले. जपानमधील ओगुरी व त्सुत्सुमी यांनी १९७२ मध्ये शस्त्रक्रियेविना घोडीचा भ्रूण बाहेर काढण्याची पद्धत वर्णिली. डब्ल्यू. आर. ॲलन व त्यांच्या पोलिश सहकाऱ्यांनी घोडीचे भ्रूण सशाच्या अंडवाहिनीत ठेवून इंग्लंडातून पोलंडला नेले आणि तेथील घोड्यांत त्यांची गर्भधारणा घडवून आणली (१९७६). शरीराबाहेर काढलेला भ्रूण काही काळ क्षमता टिकवून धरतो, हे यावरून स्पष्ट झाले. गोठविलेल्या भ्रूणापासून पहिले शिंगरू जपानमध्ये १९८२ मध्ये जन्मले.

निकष : दात्रीच्या अंडमोचनानंतर ७ ते ८ दिवसांनी गर्भाशय द्रावणाने धुऊन भ्रूण गाळून घेतात. त्याचा व्यास सातव्या दिवशी सु. ०·४ मिमी. असतो व आठव्या दिवशी तो १ मिमी.पर्यंत वाढू शकतो. अफलित अंडी घोडीच्या अंडवाहिनीतच अडकून राहतात, तर फलित भ्रूण प्रोस्टाग्लँडीन ई-२ स्रवून स्वतःला गर्भाशयाकडे वाट करून देतो. अशा प्रकारे पहिली निवड निसर्गच करतो. तरीही कधीकधी जुनी अफलित अंडी भ्रूणाबरोबर बाहेर येतात आणि त्यांचे तुकडे झालेले असल्यास ती विभाजन पावणाऱ्या भ्रूणासारखी भासतात.

ए. ओ. मॅकिनन व ई. एल. स्क्वायर्स यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने भ्रूणाच्या बाह्यरूपावरून उत्कृष्ट ते निकृष्ट अशा प्रती ठरवितात. गोल आकार, एकसारखा रंग, घट्ट जुळलेल्या कोशिका व वयास अनुरूप आकारमान ही चांगली लक्षणे होत. सुट्या पडलेल्या कोशिका, काळवंडलेला भाग, आवरणापासून आक्रसलेला पुंज व खुंटलेली वाढ ही दोषलक्षणे होत. ही परीक्षा सोपी, जलद व निरुपद्रवी आहे. परंतु ती परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून राहते. देखणा भ्रूण रुजत नाही आणि मध्यम प्रतीच्या भ्रूणापासून सुदृढ शिंगरू होते, असेही घडते. बी. ए. बॉल व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वृद्ध, अल्पप्रजननक्षम घोड्यांचे चार दिवसांचे भ्रूण निरोगी ग्राहींमध्ये ठेवले, तेव्हा तरुण घोड्यांच्या भ्रूणांपेक्षा ते कमी टिकले. गर्भनाशाचे मूळ केवळ गर्भाशयात नसून भ्रूणातही असते, हे यावरून कळले. नामांकित घोडीचा वंश अनेकदा तिच्या उतारवयातच हवासा वाटतो. म्हणून या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे आहे.

कोशिकापटलाची अखंडता पाहणारे अनुस्फुरक रंग, पोषणद्रवातील ग्लुकोजाच्या वापराचे मापन व काही कोशिका काढून केलेले आनुवंशिक परीक्षण हे नंतरचे उपाय होत. सु. साडेसहाव्या दिवसापासून भ्रूणाभोवती चिवट आवरण तयार होऊ लागते. गोठणरोधक द्रव्ये त्यातून नीट आत जात नाहीत. त्यामुळे ०·३ मिमी.पेक्षा मोठे भ्रूण गोठविणे दीर्घकाळ कठीण ठरले. आतील द्रव सूक्ष्म सुईने काढून घेतल्यास असे भ्रूणही तगतात, असे पुढे दिसून आले.

भारत व महाराष्ट्र : राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील परिसरात २०२३ मध्ये भ्रूणप्रतिरोपणाने मारवाडी जातीचे शिंगरू जन्मले. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या नोंदणीस नैसर्गिक संयोगच आवश्यक असल्याने त्यांच्या पैदाशीत ही पद्धत निरुपयोगी आहे. तिचा खरा उपयोग देशी जातींना आहे. मराठ्यांच्या घोडदळाशी निगडित असलेली भीमा खोऱ्यातील भीमथडी ही महाराष्ट्राची अशी जात होय. नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये व महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले. गायीम्हशींच्या भ्रूणांसाठी बसविलेले निकष घोडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे येथील पशुप्रजननाच्या अभ्यासकांनाही ध्यानात ठेवावे लागते. अल्पसंख्य जातीत प्रत्येक भ्रूण मोलाचा असतो. म्हणून संशयित भ्रूण टाकून देण्यापेक्षा उपलब्ध ग्राहीत ठेवून पाहणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. प्रतिरोपणानंतर काही दिवसांनी श्राव्यातीत ध्वनिपरीक्षेत गर्भ दिसणे, सु. २५ व्या दिवशी हृदयाचे स्पंदन आढळणे आणि अकरा महिन्यांनी शिंगरू जन्मणे यांतूनच भ्रूणक्षमतेचा अंतिम निर्णय होतो.