अवेळी पेटणारा हायड्रोजन

हायड्रोजन इंजिनातल्या अपसामान्य ज्वलनावर पीएच.डी. करायला येणाऱ्यांपुढे मी आधी दोन आकडे ठेवतो. हायड्रोजनला आपोआप पेटायला सुमारे ५८५ अंश सेल्सियस तापमान लागतं, म्हणजे पेट्रोलपेक्षा बरंच जास्त. आकडा वाचून हे इंधन सोशिक वाटतं. पण ठिणगीने पेटायला त्याला जेमतेम ०.०२ मिलिजूल ऊर्जा पुरते, पेट्रोलच्या वाफेच्या साधारण एक दशांश. तुमचा सगळा विषय या दोन आकड्यांमध्ये अडकलेला आहे.

व्याख्या सोप्या आहेत. इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना मिश्रण पेटून ज्वाला मॅनिफोल्डमध्ये उलटली, की बॅकफायर. व्हॉल्व्ह मिटल्यावर पण ठिणगीआधी पेटलं, तर प्री-इग्निशन. ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण एकदम भडकलं, तर नॉकिंग. पुस्तकात हे तीन प्रकार वेगवेगळ्या परिच्छेदांत असतात. इंजिनात मात्र एक दुसऱ्याला बोलावून आणतो. नॉकिंगने प्लग तापतो, तापलेला प्लग पुढच्या फेरीत मिश्रण आधीच पेटवतो, धातू आणखी तापतो, आणि पेटण्याची वेळ मागे सरकत सरकत उघड्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते. सुरुवात कोणी केली, हे शोधणं हेच खरं संशोधन.

तक्रार जुनी आहे. १९२० च्या दशकात ब्रिटिश इंजिन-अभियंते हॅरी रिकार्डो यांच्या हायड्रोजनवरच्या चाचण्यांतही इंधनाचं प्रमाण वाढवलं की बॅकफायर होई. पुढे टोरांटो विद्यापीठात आर. ओ. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनऐवजी सिलिंडरकडे बोट दाखवलं: वंगण तेलाची काजळी आणि तापलेले कण काढून टाकले, प्लग थंड ठेवला, तर कॉम्प्रेशन रेशो बराच वर नेता येतो. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत कमी मनावर घेतलेलं काम हेच. आजही गॅसच्या रसायनावर प्रबंध लिहिले जातात आणि तेलाचा थेंब तळटीपेत जातो.

इग्निशन कॉइलचीही अशीच उपेक्षा होते. हायड्रोजनच्या ज्वालेत आयन फार कमी असतात. त्यामुळे कॉइलमध्ये ऊर्जा शिल्लक राहू शकते आणि सिलिंडरमधला दाब उतरल्यावर ती नको त्या क्षणी ठिणगी टाकते. प्लगच्या वायरिंगकडे न बघता ‘हॉट स्पॉट’ शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

इंधन थेट सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्ह मिटल्यावर सोडलं की बॅकफायरचा प्रश्न बहुतांशी मिटतो. बाकीचे दोन राहतातच. शिवाय मिसळायला वेळ कमी मिळाल्याने कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे उरतात. मिश्रण एकंदर विरळ ठेवलं तर नॉकिंग आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही आवरतात, पण चढावर भरलेल्या ट्रकला तेवढ्यावर भागत नाही. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या, त्यांत मुंबई-पुणे परिसरातले मार्ग आहेत आणि इंजिनातच हायड्रोजन जाळणारे ट्रकही आहेत. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या घाटापर्यंत आलेला आहे.

एक सूचना पद्धतीबद्दल. शेकडो फेऱ्यांच्या दाबाची सरासरी काढून गुळगुळीत आलेख मिळतो, पण बिघडलेली फेरी त्यात विरघळून जाते. प्रत्येक फेरी वेगळी जपून ठेवा, बिघडलेल्या फेरीच्या आधीच्या दहा-वीस फेऱ्या तर नक्कीच. नोंद घेताना तेल कोणतं होतं, प्लग किती जुना होता, हेही लिहा.