मुक्तीच्या विहिरी आणि आमची फुफी

दुष्काळाचा इतिहास लिहिताना पाऊस किती पडला, धान्याचा भाव कुठे गेला, सरकारनं किती कामं काढली, हे सगळं लिहितात. पोरं कुणी सांभाळली, हे सहसा लिहीत नाहीत. आमच्या दौंड तालुक्यापुरतं बोलायचं तर या प्रश्नाची दोन उत्तरं मला ठाऊक आहेत. एक केडगावचं, ते पुस्तकांत आहे. दुसरं कुरकुंभचं, ते आमच्या घरात आहे.

केडगाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन. पंडिता रमाबाईंनी तिथे शंभरेक एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. शारदा सदनाचा खर्च त्या उत्पन्नातून चालावा म्हणून. हे सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३ मध्ये तिथल्या मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं होतं, असं मला वाटतं. पण मराठी माणूस पुढे त्या वादाशीच थांबला. केडगाव त्याच्या नजरेआड राहिलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. पाहुण्यासारख्या गेल्या नाहीत. १८७४ साली त्यांचे वडील आणि आई काही आठवड्यांच्या अंतरानं उपासमारीत गेले होते, मग थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत त्या देशभर पायी हिंडल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मध्य प्रांतातल्या अनाथालयांत आणि मदतकामांवर तरुण मुली राखणदारांपासूनच सुरक्षित नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि उघड लिहिलं. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. मग फळबागेच्या जमिनीवरच आडोसे उभे राहिले आणि त्याचं ‘मुक्ती’ झालं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली होत्या. विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, सगळं त्याच आवारात. त्याच १८९७ साली प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना कसं वागवतात याची तक्रार त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मधून जाहीरपणे केली. सरकार चिडलं. त्या बधल्या नाहीत.

आता पंचाहत्तर वर्षं पुढे येऊ. १९७२. आधीचे दोन पावसाळे रडतखडत गेलेले, हा तर गेलाच. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव आणि खडी. पोटाला मिलो नि सुकडी. मी अंगावर पिणारा होतो, त्यामुळे हे सगळं ऐकीव. सांगणारी आमची फुफी, वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, ती माहेरी कुरकुंभला परतली ती कायमची. साऱ्या आळीचीच ती फुफी. मराठे, धनगर, मांग, कुणीही तिला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

खडीच्या कामावर बायका लेकरं घेऊन यायच्या. उन्हात लेकरू, हातात हातोडी. फुफीनं काय केलं, तर दोन लिंबांच्या मध्ये लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि एका म्हातारीला तिथे बसवलं. म्हातारीची मजुरी चार-चार आण्यांनी सगळ्या आयांनी मिळून भरायची. पुढे रोजगार हमीच्या कामांवर सावली, पाणी नि लहान मुलांची सोय करण्याचे नियम आले. आमच्याकडे ते लिंबाखाली आधीच आले होते.

फुफीला अक्षरओळख नव्हती, पण मस्टर तिला फसवू शकत नव्हतं. प्रत्येक बाईचा एक दोरा तिच्या पिशवीत असे. दिवस भरला की एक गाठ. पगाराच्या दिवशी ती मुकादमाशेजारी उभी राहून गाठी मोजायची. एकदा कामावरच बाळंत झालेल्या बाईचे दोन दिवस कापले. फुफी खडीच्या ढिगावर जाऊन बसली, तिच्यामागे साठ-सत्तर बायका. संध्याकाळपर्यंत एकही हातोडी वाजली नाही. दोन दिवस परत चढले.

आज कुरकुंभ म्हटलं की लोकांना कारखान्यांच्या चिमण्या आठवतात, देवीच्या भक्तांना फिरंगाई. नवरात्रात देवीला जाणाऱ्यांसाठी आमच्या दारात फुफीचा पाण्याचा रांजण असायचा, हे मात्र मी पाहिलेलं आहे.

नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईला, तिच्या दोन पोरांसकट, फुफी पॅसेंजरनं केडगावला मुक्तीत पोचवून आली. बाई आमच्याच जमातीतली. परतल्यावर दोघं-तिघं मोठी माणसं घरी आली. ‘किरिस्तावांकडं कशाला नेलीस?’

फुफी म्हणाली, ‘तुमच्याकडं खोली हाय का? असंल तर उद्याच आनते.’

ते चहा न घेता गेले. त्यानंतर वर्षभर आमच्या घरी लग्नाची आमंत्रणं कमी आली, असं आई सांगायची. आमंत्रण नसलं तरी बाळंतपणाला आणि मयताच्या आंघोळीला बोलावणं यायचंच. फुफी जायचीही, त्याच घरांत.

मी बी.ए.ला असताना रमाबाईंवर वाचू लागलो आणि तिला वाचून दाखवलं. संस्कृतचं पांडित्य, इंग्लंड-अमेरिका, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, यातलं काही तिला फारसं भावलं नाही. आई-वडील भुकेनं गेले तिथे तिनं मला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. दोन हजारांचा आकडा आला तेव्हा पुन्हा थांबवलं.

‘दोन हजार? आन् पानी कुठनं आनलं येवढ्यांना? केडगावात काय नदी न्हाई.’

मग मी पानं मागे उलटून त्या माळावर रमाबाईंनी विहिरी खणल्या ते वाचलं. ती तांदूळ निवडायची थांबली होती.