बोरी (पुरास्थळ)

बोरी हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले गाव व पुराश्मयुगीन स्थळ आहे. नदीकाठच्या गाळातील ज्वालामुखीय राखेचा थर आणि त्या परिसरात सापडलेली दगडी हत्यारे यांमुळे ते प्रसिद्ध आहे. दख्खनच्या पठारावर मानवाचा वावर किती प्राचीन आहे, या प्रश्नाशी राखेच्या वयाचा संबंध असल्याने त्याविषयी दीर्घकाळ मतभेद झाले.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

मुळशीपासून जुन्नरपर्यंत पुणे जिल्ह्याचा मूळ खडक बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा प्रवाहांपासून तो तयार झाला. गाळाचे थर प्रामुख्याने नद्यांच्या काठांवरच आढळतात आणि ते बेसाल्टच्या तुलनेत अगदी अलीकडचे आहेत.

थरांची रचना

कुकडीच्या काठावरील गाळात गोटे व खडी, वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे थर दिसतात. काही ठिकाणी चुन्यामुळे खडी घट्ट बांधली गेली आहे. राखेचा थर रंगाने फिकट आणि कणांनी बारीक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ज्वालामुखीय काचेचे कण दिसतात. या काचेत सिलिकाचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असते, तर बेसाल्टमध्ये ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे ही राख स्थानिक खडकांपासून आलेली नाही हे स्पष्ट होते. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असून, हे अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे.

कालनिर्णयाचा वाद

१९८९ मध्ये पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये शीला मिश्रा व सहकाऱ्यांनी आरगॉन-आरगॉन पद्धतीने ते सुमारे ६.७ लाख वर्षे असल्याचे मांडले. इतर संशोधकांनी काचेच्या रासायनिक घटकांवरून ही राख टोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. २०११ मध्ये सुमारे ८ लाख वर्षांचे वय पुन्हा पुढे आले. मात्र २०१४ मध्ये काचेच्या एकेका कणातील अल्पांश मूलद्रव्यांच्या विश्लेषणातून ७५,००० वर्षांच्या मताला पुष्टी मिळाली.

थरांच्या वाचनातील अडचणी

खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा स्तरविज्ञानाचा मूलभूत नियम आहे. नदीकाठी तो जपून लावावा लागतो. नदी जुना काठ कापून त्याच्या शेजारी, खालच्या पातळीवर नवा गाळ साठवू शकते. राखही पाण्याबरोबर वाहून दुसरीकडे साचते. तसेच जुनी हत्यारे नव्या खडीत मिसळतात. म्हणून राखेचे वय हे हत्यारांचे वय मानता येत नाही.

महत्त्व

बोरीची हत्यारे अश्यूलियन परंपरेतील आहेत. हातकुऱ्हाड हे या परंपरेचे ओळखीचे हत्यार होय. तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम येथील अश्यूलियन हत्यारे १० लाख वर्षांहून जुनी असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे दक्षिण भारतातील मानवी वावराच्या प्राचीनतेला स्वतंत्र आधार आहे. बोरीचे महत्त्व मुख्यतः गाळाचे थर आणि त्यांतील वस्तू यांचा परस्परसंबंध तपासण्याच्या पद्धतीसाठी आहे.