१७८० सालचे चांदीचे नाणे : मारिया थेरेसा टालर कसा ओळखावा?

आजी-आजोबांच्या जुन्या पेटीत कधी कधी एखादे मोठे, जड, परदेशी चांदीचे नाणे सापडते. त्यावर लॅटिन अक्षरे असतात, मस्तकावर शिरोवस्त्र घेतलेली एक स्त्री असते आणि सालाशेजारी तिरपा क्रूसही दिसतो. तेवढ्यावरून ते नाणे ‘पोर्तुगीज काळातले’ आहे असे घरात ठरून जाते. क्वचित त्या स्त्रीला पवित्र मरिया किंवा एखादी संत समजण्याचीही चूक होऊ शकते. अशा नाण्यावर १७८० हे साल असेल, तर ते बहुधा ऑस्ट्रियाचे ‘मारिया थेरेसा टालर’ असते. वसईवरील पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्येच संपुष्टात आली होती. त्यामुळे हे साल पाहताच वसईच्या पोर्तुगीज राजवटीशी त्याचे नाते जोडता येत नाही. शिवाय पोर्तुगीज राजचिन्हात पाच लहान ढाली व सात किल्ले असतात. तसे या नाण्यावर काही नसते.

टालर हे नाव कोठून आले?

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या बोहेमिया प्रांतात चांदीच्या खाणींचे एक गाव आहे. पवित्र मरियेचे पिता संत योआकीम यांच्या नावावरून त्याला जर्मन भाषेत ‘योआकिम्सटाल’, म्हणजे ‘योआकीमचे खोरे’ असे म्हणत. तेथे १५२० च्या सुमारास संत योआकीम यांची प्रतिमा असलेली मोठी चांदीची नाणी पाडली गेली. गावाच्या नावावरून त्यांना ‘योआकिम्सटालर’ आणि पुढे नुसते ‘टालर’ म्हटले जाऊ लागले. ‘डॉलर’ हा शब्दही त्यातूनच निर्माण झाला.

वजन व माप

सर्वप्रथम नाण्याचे वजन करावे. टालरचे वजन सुमारे २८.०७ ग्रॅम आणि व्यास साधारणतः ४० मिलिमीटर असतो. एक हजार भागांत ८३३ भाग चांदी व उरलेले तांबे असे त्याचे प्रमाण आहे. म्हणजेच एका नाण्यात सुमारे २३.३९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १७५३ साली ऑस्ट्रिया व बव्हेरिया यांच्यात झालेल्या करारानुसार एका ‘कलोन मार्क’ शुद्ध चांदीतून दहा टालर पाडावयाचे होते. हे प्रमाण तेव्हापासून बदललेले नाही. वापराने झिजलेल्या नाण्याचे वजन किंचित कमी भरेल. गळ्यात घालण्यासाठी त्याला कडी जोडलेली असेल, तर तेही लक्षात घ्यावे.

दर्शनी बाजू

या बाजूस ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा (१७१७-१७८०) यांची उजवीकडे पाहणारी अर्धप्रतिमा आहे. त्यांचे पती सम्राट पहिले फ्रान्सिस १७६५ साली निवर्तले. तेव्हापासून त्यांनी अखेरपर्यंत वैधव्याची वस्त्रे परिधान केली. नाण्यावरील शिरोवस्त्र हे त्याचेच चिन्ह होय.

भोवतीचा मजकूर संक्षिप्त लॅटिनमध्ये आहे. तो पूर्ण वाचल्यास असा होतो : ‘मारिया थेरेसिया देइ ग्रात्सिया रोमानोरुम इम्पेरात्रिक्स हुंगारिए बोहेमिए रेजिना’. म्हणजे ‘देवाच्या कृपेने रोमन सम्राज्ञी, हंगेरी व बोहेमियाची राणी मारिया थेरेसा’. लॅटिन मिस्सा अनुभवलेल्या ज्येष्ठांना ‘रेजिना’ हा शब्द ‘साल्वे रेजिना’मुळे परिचित असेल. प्रतिमेखाली ‘एस. एफ.’ ही दोन अक्षरे असतात. ती ग्युन्झबुर्ग येथील टांकसाळीचे अधिकारी श्योब्ल आणि फाबी यांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत.

मागील बाजू व कड

मागील बाजूस मुकुटाखाली दोन मस्तकांचा गरुड आहे. त्याच्या छातीवरील ढालीत मारिया थेरेसा यांच्या प्रदेशांची चिन्हे आहेत. भोवतीच्या मजकुरात ऑस्ट्रिया, बर्गंडी व टिरोल येथील त्यांच्या पदव्या, शेवटी १७८० हे साल आणि त्यानंतर लहान तिरपा क्रूस असतो. हा संत आंद्रिया यांचा क्रूस म्हणून ओळखला जाणारा आकार आहे. येथे मात्र तो भक्तीचे चिन्ह म्हणून आलेला नाही. १७५० च्या सुमारास नाण्यातील चांदीचे प्रमाण बदलले, त्याची ती खूण होय.

नाण्याची कडही अवश्य पाहावी. तिच्यावर उठावदार अक्षरांत, मध्ये नक्षी सोडून, ‘युस्तित्सिया एत क्लेमेन्त्सिया’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ ‘न्याय आणि दया’. हे मारिया थेरेसा यांचे ब्रीदवाक्य होते.

१७८० या सालाचे रहस्य

नाणे ओळखताना सर्वांत मोठी फसगत येथेच होते. मारिया थेरेसा यांचे निधन २९ नोव्हेंबर १७८० रोजी झाले. तोपर्यंत तांबड्या समुद्राकाठचे अरब व आफ्रिकी व्यापारी हे नाणे विश्वासाने स्वीकारू लागले होते. ओळखीचे रूप बदलले तर ते नाणे नाकारत. म्हणून त्यांच्या मृत्यूनंतरही तेच चित्र, तीच अक्षरे आणि तेच साल ठेवून नाणी पाडली जाऊ लागली. एखाद्या टालरवर १७८० पूर्वीचे साल असेल, तर ते सामान्यतः खरोखरच त्या वर्षाचे असते. १७८० मात्र त्या वर्षी, शंभर वर्षांनी किंवा अगदी अलीकडेही कोरलेले असू शकते. व्हिएन्नाची टांकसाळ आजही ते पाडते.

१९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण करण्याच्या सुमारास ही नाणी पाडण्याचा हक्क ऑस्ट्रियाकडून मिळवला. त्यानंतर लंडन, पॅरिस आणि ब्रुसेल्स येथील टांकसाळींनीही व्यापाराच्या गरजेसाठी ती पाडली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ मध्ये, ती मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. म्हणजे अठराव्या शतकातील युरोपीय म्हणून जपलेले नाणे प्रत्यक्षात आपल्याच मुंबईत जन्मलेले असू शकते! कोणते नाणे कोणत्या टांकसाळीचे, हे प्रतिमेच्या पदकातील मोती, गरुडाची पिसे आणि कडेवरील नक्षी अशा सूक्ष्म भेदांवरून अभ्यासक ठरवतात.

खरे की बनावट?

सोनाराकडील सूक्ष्म काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवावे. खऱ्या टालरच्या बाबतीत काटा सुमारे २.७५ ग्रॅम दाखवतो. तेवढ्याच वजनाचे पितळी नाणे असल्यास आकडा ३.३ च्या आसपास जातो. ओतीव बनावट नाण्यांच्या कडेवरील अक्षरे बहुधा बोथट असतात.

जतन आणि कायदा

राख, चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावून नाणे कधीही घासू नये. त्याने बारीक तपशील झिजतो आणि नाण्याचे मोलही उतरते. जमिनीत पुरलेले नाणे सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे हे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. विक्रीची घाई न करता प्रथम जाणकार नाणेतज्ज्ञाला दाखवावे. पुनःपुन्हा पाडलेल्या सामान्य टालरची किंमत प्रामुख्याने चांदीच्या भावावर अवलंबून असते.

घरातील नाणे अडीचशे वर्षांचे नाही असे कळल्यास क्षणभर निराशा होणे स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या किमतीच्या आशेने कोणाकडून फसवले जाण्यापेक्षा सत्य कळलेले बरे. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी ते सांभाळले, त्यांची आठवण म्हणून त्याचे मोल कोणत्याही सालाने कमी होत नाही. पेटीत परत ठेवण्यापूर्वी वजन, माप आणि ते घरात कसे आले याची माहिती एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी. पुढच्या पिढीला ती नाण्याइतकीच उपयोगी पडेल.